'काम डाउन' की 'टेक इट ईझी'? समोरच्याला शांत करणारं इंग्रजी कसं निवडावं

माझी पहिली नोकरी ऐरोलीच्या एका कॉल सेंटरमध्ये होती. तिसऱ्या महिन्यात, रात्री अडीचच्या सुमाराला इंग्लंडहून एका बाईंचा फोन आला. त्यांचं वॉशिंग मशीन ठरलेल्या दिवशी दोनदा पोहोचलं नव्हतं आणि दोन्ही वेळा त्या रजा काढून घरी थांबल्या होत्या. आवाज चढलेला होता. मी अगदी मनापासून म्हणाले, 'प्लीज काम डाउन, मॅडम.' पलीकडे क्षणभर शांतता. मग असा भडका उडाला की कॉल वरिष्ठांकडे सोपवावा लागला.

माझ्या मनात होतं, 'अहो, शांत व्हा ना, मी बघते.' त्यांना ऐकू आलं, 'आरडाओरडा थांबवा.' शब्दकोशात पाहिलं तर 'काम डाउन' म्हणजे शांत होणं, त्यात चूक काहीच नाही. चूक होती ती निवडीची. गेली काही वर्षं मी ठाण्यात, नौपाड्यात, संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. ऐरोली, महापे, घणसोलीतून शिफ्ट संपवून येणारी मुलं-मुली असतात, पाचपाखाडीतल्या दाताच्या दवाखान्यातली एक मदतनीस आहे, आणि कॅनडातल्या सुनेशी नीट बोलता यावं म्हणून येणाऱ्या एक काकूही आहेत. सगळ्यांची अडचण एकच: 'रिलॅक्स', 'चिल', 'टेक इट ईझी', 'काम डाउन' हे सगळे शब्द माहीत आहेत, पण कुठला कधी वापरायचा ते कळत नाही. त्यांना मी ज्या क्रमाने शिकवते, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

पहिली पायरी: मराठीत आपण काय म्हटलं असतं?

इंग्रजीकडे वळण्याआधी एक क्षण मराठीत थांबा. आपण कुणाला नुसतं 'शांत हो' असं किती वेळा म्हणतो? फार कमी. चिडलेल्याला आपण म्हणतो, 'डोकं थंड ठेव' किंवा 'हो हो, बस आधी, पाणी पी.' घाबरलेल्याला 'धीर धर'. घाई करणाऱ्याला 'दमानं घे', 'सावकाश'. काळजीत बुडालेल्याला 'टेन्शन घेऊ नको'. दुखावलेल्याला 'मनाला लावून घेऊ नकोस'. मित्र उगाच विचार करत बसला असेल तर 'लोड नको घेऊ रे'. आणि चुकून पाय लागला म्हणून माफी मागणाऱ्याला 'असू दे, असू दे'.

म्हणजे माणसाला नेमकं काय झालंय हे आपल्या मराठीने आधीच ओळखलेलं असतं. गडबड पुढे होते. इंग्रजीत शिरताना हे सगळे धागे आपण एकाच 'शांत हो'मध्ये गुंडाळतो आणि त्याचं 'काम डाउन' करून टाकतो. ती गाठ सोडवली की अर्धं काम झालं. वर्गात मी पहिल्या दिवशी इंग्रजी बोलूच देत नाही. प्रसंग सांगते आणि विचारते, 'इथे तुम्ही मराठीत काय म्हणाल?' उत्तर 'धीर धर' आलं तर इंग्रजीची एक वाट, 'दमानं घे' आलं तर दुसरी.

दुसरी पायरी: समोर कोण आहे?

'शांत हो' हे मुळात आज्ञार्थी वाक्य आहे. मराठीत 'हो'चं 'व्हा' केलं, 'ना' जोडलं, 'अहो' म्हटलं की आज्ञेची धार जाते. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' यांत फरक नाही. त्यामुळे 'चिल' हा शब्द मित्राला म्हणा की साहेबांना, रूप तेच राहतं. 'प्लीज' लावून तो आदरार्थी होत नाही. उलट चिडलेल्या माणसाला 'प्लीज काम डाउन' म्हटलं तर तो 'प्लीज' दात ओठ खाऊन म्हटल्यासारखा वाटतो.

म्हणून मी एक साधा नियम सांगते. ज्याच्याशी मराठीत 'अरे-तुरे' करता, त्याच्याशीच 'चिल', 'रिलॅक्स' चालतं. ज्यांना 'अहो' म्हणता, म्हणजे ग्राहक, वरिष्ठ, पेशंट, सासरची मंडळी, त्यांना शांत व्हायला सांगणारं कुठलंही आज्ञार्थी वाक्य नको. त्यांच्यासाठी वेगळी वाक्यं आहेत, ती पुढे येतील.

रागावलेल्या माणसापुढे

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा रेंगाळते.

'काम डाउन'पासून सुरुवात करू. उच्चारात 'ल' जवळजवळ नसतो. आपल्याकडे 'काल्म' किंवा 'कॅल्म' ऐकू येतं, पण इंग्लंडमध्ये तो चक्क आपल्या 'काम'सारखाच उच्चारतात. या शब्दाचं मूळही विलक्षण आहे. ग्रीकमध्ये तो उष्णतेसाठीचा शब्द होता. तिथून दुपारच्या कडक उन्हातली विश्रांती, मग निवांतपणा, निश्चल समुद्र असा प्रवास करत तो इंग्रजीत आला. शब्द सुंदर आहे, अडचण 'डाउन'ची आहे. 'खाली ये' म्हटलं की समोरचा वर चढलाय, त्याचा तोल गेलाय, असं गृहीत धरलं जातं. रागावलेल्या माणसाला आपला राग योग्य वाटत असतो. त्याला 'खाली ये' म्हणणं म्हणजे 'तुझ्या म्हणण्यात दम नाही' असं सांगणं.

याचं एक जाहीर उदाहरण आहे. एप्रिल २०११मध्ये ब्रिटनच्या संसदेत तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन विरोधी बाकांवरच्या अँजेला ईगल यांना 'काम डाउन, डिअर' म्हणाले. हे शब्द तिकडच्या विम्याच्या एका गाजलेल्या जाहिरातीतले होते. पंतप्रधानांच्या कार्यालयाने तो विनोद असल्याचं सांगितलं, मजूर पक्षाने माफीची मागणी केली, आणि त्या दिवसाच्या बातम्यांत चर्चेचा मूळ विषय मागे पडून हे दोन-तीन शब्दच उरले. बायकांच्या म्हणण्याला 'उगाच चिडतेय' म्हणून बाजूला सारण्याची सवय जुनी आहे, आणि इंग्रजीत त्या सवयीचा आवाज म्हणजे हेच शब्द. पुरुषांनी बाईला उद्देशून ते टाळावेत, असं मी माझ्या वर्गातल्या मुलांना स्पष्ट सांगते.

मग 'काम डाउन' कधीच वापरायचं नाही का? वापरायचं, पण तिसऱ्याबद्दल किंवा स्वतःबद्दल. 'मला शांत व्हायला जरा वेळ लागला', 'तिने बाळाला शांत केलं', 'वादळ शमलं' अशा वाक्यांत ते निर्धास्त बसतं. लहान मुलाला आईने म्हटलं तर कुणी काही म्हणत नाही. भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये उभं राहून 'लेट्स ऑल काम डाउन' म्हणता येतं, कारण त्यात म्हणणाराही आला. एकट्या समोरच्याला मात्र नको.

'रिलॅक्स' थोडा मऊ आहे. मूळ लॅटिन, अर्थ सैल करणं. म्हणून शरीराशी जोडला की तो छान बसतो. दाताच्या दवाखान्यातल्या माझ्या विद्यार्थिनीला मी हेच शिकवलं. परदेशातून सुट्टीवर आलेला पेशंट खुर्चीत ताठ बसला असेल तर नुसतं 'रिलॅक्स' म्हणू नकोस. 'रिलॅक्स युअर जॉ', 'लेट युअर शोल्डर्स ड्रॉप' म्हण. जबडा सैल करा, खांदे सोडा. माणसाला काहीतरी करायला मिळतं. तोच 'रिलॅक्स' चिडलेल्याला एकटा फेकला तर 'एवढं काय झालं!' असा ऐकू येतो. त्याच्या आधी 'जस्ट' लावलं तर आणखी वाईट. 'जस्ट रिलॅक्स' म्हणजे 'इतकी साधी गोष्ट तुला जमत नाही?' योगवर्गात आणि तपासणीच्या खोलीत 'जस्ट' चालतो, वादात नाही.

'चिल' आणि 'चिल आउट' हे अमेरिकेतल्या बोलीतून साधारण १९७०च्या दशकात वर आले. दोन्ही मित्रांचे शब्द. 'चिल आउट' किंचित जुना वाटतो, 'चिल' आजचा. पण एकटा 'चिल' तोडून म्हटला तर टोचतो. वर्णनासाठी मात्र तो निर्धोक आहे: 'ती एकदम चिल आहे', 'आम्ही तलावपाळीला नुसते चिल करत होतो.' आपल्या मराठीतही तो असाच रुळलाय. 'चिल पिल' घ्यायला सांगणं आता जुनाट वाटतं आणि त्यात चिडवणं असतं, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

'कूल डाउन' आपल्याकडे सर्रास वापरतात, 'कूल डाउन, सर'. इंग्रजीत तो माणसाच्या बाबतीत बहुधा वेळ देण्याच्या अर्थाने येतो: 'गिव्ह हिम अ डे टु कूल डाउन', एक दिवस जाऊ दे, राग उतरेल. तोंडावर हुकूम म्हणून तो कमी येतो. 'कूल इट' मात्र हुकूमच आहे, आणि दरडावणीचा. हातघाईवर आलेल्या दोघांना बाजूला करताना शोभतो, एरवी नाही.

माझा आवडता 'सिमर डाउन'. सिमर म्हणजे उकळीच्या जरासं खाली ठेवणं. दूध वर यायला लागलं की आपण गॅस बारीक करतो ना, तेच. आजी नातवंडांना म्हणेल तसा, थोडा गमतीचा. चिडक्या ग्राहकाला चालणार नाही, घरात दंगा करणाऱ्या पोरांना चालेल. 'सेटल डाउन' शिक्षकांचा. वर्गात गोंगाट असताना बाई म्हणतात, 'ऑल राइट, सेटल डाउन.' एका मोठ्या माणसाला म्हटलं तर त्याला शाळकरी पोर केल्यासारखं होतं. शिवाय त्याचा दुसरा अर्थ लग्न करून संसाराला लागणं, हे आपल्याला 'सेटल झाला' या मराठी वापरामुळे चांगलंच ठाऊक आहे.

आता 'अहो' म्हणायच्या माणसांसाठी. त्या इंग्लंडच्या बाईंना मी काय म्हणायला हवं होतं? पुढे शिकले ते हे. आधी त्यांची गोष्ट त्यांना परत सांगायची: 'यू टुक टू डेज ऑफ वर्क अँड इट स्टिल डिडन्ट कम.' तुम्ही दोन दिवस रजा घेतली आणि तरी ते आलं नाही. मग: 'आय वुड बी अपसेट टू.' मीही वैतागले असते. मग: 'लेट मी सी व्हेअर इट इज राइट नाउ.' आत्ता ते कुठे आहे बघते. या तिन्ही वाक्यांत शांत व्हायला कुठेच सांगितलेलं नाही, आणि तरी आवाज उतरतो. भावनेला नाव दिलं की तिचा जोर कमी होतो, असं मेंदूचा अभ्यास करणारेही सांगतात. अमेरिकेतले मॅथ्यू लीबरमन आणि सहकारी यांनी २००७मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. चेहऱ्यावरच्या भावनेला लोकांनी शब्द दिला, तेव्हा भीती-संतापाशी जोडलेल्या मेंदूच्या भागाची हालचाल कमी झाली. माझ्या दृष्टीने ही गोष्ट नवी नाही. आई म्हणायची, 'चिडलायस ना? मग चिडलोय असं म्हण, दारं आपटू नकोस.'

एक सावधगिरी: 'आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन' हे वाक्य कॉल सेंटरने इतकं वापरलंय की आता ते कुणाला खरं वाटत नाही. त्याऐवजी तपशील बोला. तारीख, वस्तू, किती वेळ थांबावं लागलं ते.

घाबरलेल्या माणसापुढे

इथे मराठी 'धीर धर'. इंग्रजीत 'स्टे काम' किंवा 'कीप काम'. 'काम डाउन'पासूनचा फरक नीट लक्षात घ्या. 'काम डाउन' म्हणजे तू शांत नाहीस, शांत हो. 'स्टे काम' म्हणजे तू शांत आहेस, तसाच राहा. दुसऱ्यात माणसावर विश्वास आहे. म्हणूनच इमारतीत आगीचा भोंगा वाजला की घोषणा होते, 'प्लीज रिमेन काम.'

कॉफीच्या मगांवर आणि टी-शर्टांवर दिसणारं 'कीप काम अँड कॅरी ऑन' हे याच जातीचं वाक्य. १९३९मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, ब्रिटिश सरकारने ते भित्तिपत्रकावर छापलं. सुमारे पंचवीस लाख प्रती तयार झाल्या, पण बहुतेक लावल्याच गेल्या नाहीत. २०००मध्ये इंग्लंडच्या उत्तरेला अ‍ॅनिक गावातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यातली एक प्रत सापडली आणि तिथून ती जगभर गेली. या वाक्यात 'डाउन' असतं तर लोकांनी ते आवडीने छातीवर मिरवलं असतं असं मला वाटत नाही.

रोजच्या भीतीसाठी 'इट्स ओके', 'यू आर ओके', 'आय अ‍ॅम राइट हिअर' ही वाक्यं जास्त उपयोगी. मी इथेच आहे, हे ऐकलं की माणूस सैलावतो. 'डोन्ट वरी' चांगलं आहे, पण त्याला कारण जोडा. 'डोन्ट वरी, द डॉक्टर इज ऑन हिज वे.' कारण नसलेलं 'डोन्ट वरी' पोकळ वाटतं.

मुलाखतीच्या किंवा भाषणाच्या आधीची धडधड हा भीतीचा वेगळा प्रकार. इथे शांत व्हायला सांगण्याचा उपयोगच कमी. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषण किंवा गाण्याआधी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मी उत्साहात आहे' म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधडणारं काळीज एकदम थंड होत नाही, पण त्याच धडधडीला उत्साह म्हणता येतं. तेव्हा महाप्याला मुलाखतीला निघालेल्या मैत्रिणीला 'रिलॅक्स' लिहू नका. 'यूव्ह गॉट धिस' लिहा. तुला जमणार आहे.

घाई करणाऱ्यापुढे

'टेक युअर टाइम' आणि 'नो रश' हे सावकाश, आरामात या अर्थाचे. दोन्ही नम्र, कुणालाही चालतात. काउंटरवर आजोबा पर्समध्ये कार्ड शोधत असतील तर 'टेक युअर टाइम, सर' यासारखं दुसरं वाक्य नाही. फक्त सूर सपाट, मऊ ठेवा. 'टाइम'वर जोर पडला तर तो टोमणा होतो.

'होल्ड युअर हॉर्सेस' म्हणजे घोडे आवर. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात घोडागाडी हाकणाऱ्यांच्या बोलीतून आलेलं. ओळखीच्या माणसाला, हसत. 'अरे हो हो, थांब जरा' याची बरोबर जोडी. 'ईझी' हाही घोड्याला चुचकारण्याचा शब्द. पण तो आपल्या कामाचा आहे तो वेगळ्याच जागी: दोघेजण जिन्यावरून कपाट उतरवताना 'हळू, हळू' म्हणतात ना, तिथे 'ईझी, ईझी'. गाडी मागे घेताना, गरम पातेलं हातात देताना, सगळीकडे चालतो.

'टेक इट ईझी'चे चार चेहरे

हा एकच वाक्प्रचार मी वेगळा काढते, कारण वर्गात यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात. आजारातून उठलेल्याला 'टेक इट ईझी' म्हणजे दगदग करू नका. काकूंची कॅनडातली सून बाळंतपणानंतर घरी आली, तेव्हा काकूंनी फोनवर हेच म्हणायचं ठरवलं, आणि ते अगदी बरोबर होतं. त्याआधी त्या 'टेक रेस्ट' म्हणत होत्या. तिकडे 'गेट सम रेस्ट' म्हणतात.

दुसरा चेहरा: अमेरिकेत निरोप घेताना 'टेक इट ईझी' म्हणजे 'चल, येतो, मजेत राहा'. कुणी फोन ठेवताना असं म्हणालं तर आपण चिडलो होतो का, असा विचार करत बसू नका. माझा एक विद्यार्थी रात्रभर तोच विचार करत बसला होता. तिसरा, वाद चढत असताना 'हे, टेक इट ईझी', म्हणजे जरा दमानं. 'काम डाउन'पेक्षा सौम्य, पण तरी 'अरे-तुरे'च्याच माणसांत. चौथा, 'टेक इट ईझी ऑन हिम' किंवा 'गो ईझी ऑन हिम', म्हणजे त्याच्याशी नरमाईने वाग. नवीन मुलगा टीममध्ये आलाय, त्याच्यावर एकदम तुटून पडू नकोस.

उगाच गंभीर झालेल्यापुढे, आणि माफी मागणाऱ्यापुढे

'लायटन अप' म्हणजे इतका गंभीर होऊ नकोस. 'लूझन अप' म्हणजे इतका ताठर राहू नकोस. पहिला बहुतेक वेळा 'तुला गंमत कळत नाही' असा लागतो. समोरच्याला आपल्याच बोलण्याने लागलं असेल, तर मुळीच नको. तिथे एकच वाक्य योग्य, 'सॉरी, आय डिडन्ट मीन इट दॅट वे.' दुसरा, 'लूझन अप', हळदीला नाचायला लाजणाऱ्या मित्राला ठीक.

माफीचं प्रकरण सोपं. 'असू दे' म्हणजे 'नो वरीज', 'डोन्ट वरी अबाउट इट', 'डोन्ट स्वेट इट', 'यू आर फाइन'. 'नो वरीज' ऑस्ट्रेलियातून पसरलं आणि आता सगळीकडे चालतं. 'डोन्ट स्वेट इट' मित्रांत. नुसतं 'डोन्ट वरी' आणि 'डोन्ट वरी अबाउट इट' यांत गल्लत करू नका. पहिलं काळजी करणाऱ्याला, दुसरं माफी मागणाऱ्याला.

मराठीतून थेट उचललेली वाक्यं

'डोन्ट टेक टेन्शन' आपल्याला इतकं आपलं वाटतं की ते इंग्रजीच आहे असं धरून चालतो. ऐरोलीत बसलेल्या दोघांना ते कळतं, मँचेस्टरमधल्या माणसाला अडखळायला होतं. 'डोन्ट वरी' किंवा 'डोन्ट स्ट्रेस अबाउट इट' म्हणा.

'टेक इट लाइटली' धोक्याचं आहे. आपल्या मनात 'हलक्यात घे'. इंग्रजीत मात्र 'टेक लाइटली' म्हणजे गांभीर्याने न घेणं, आणि ते बहुधा तक्रारीच्या सुरात येतं. एखाद्याच्या दुःखाबद्दल असं म्हणालात तर 'तुझं दुःख क्षुल्लक आहे' असा अर्थ पोहोचतो. 'मनाला लावून घेऊ नकोस' याला 'डोन्ट टेक इट टु हार्ट' हे चपखल आहे, तेच वापरा. 'जाऊ दे'साठी 'लीव्ह इट' म्हटलं तर दरडावल्यासारखं वाटतं, 'लेट इट गो' बरं. तेही जखम ताजी असताना नको. 'रिलॅक्स युअरसेल्फ' मधला 'युअरसेल्फ' काढून टाका.

आवाजाची पट्टी

दोन शब्दांच्या या वाक्प्रचारांत जोर दुसऱ्या शब्दावर असतो: काम *डाउन*, चिल *आउट*, सिमर *डाउन*. आपण मराठी माणसं दोन्ही शब्दांवर सारखाच जोर देतो, आणि मग ते आदेशासारखं वाजतं. माझ्या वर्गातला सराव असा आहे: 'इट्स ओके' हे वाक्य तीन प्रकारे म्हणायचं. एकदा झोपलेल्या बाळाजवळ, एकदा लोकलच्या दारात उभ्या माणसाला, एकदा रागात. ठाण्याहून वाशीपर्यंतच्या अर्ध्या तासात कानात हेडफोन घालून स्वतःचं रेकॉर्डिंग ऐका. घणसोलीपर्यंत तुम्हाला स्वतःच्या आवाजातली घाई कळेल. समोरच्यापेक्षा हळू आणि खालच्या पट्टीत बोलणं हेच मुळात शांत करणारं असतं, शब्द नंतर येतात.

चॅटवर

लिहिताना सूर नसतो, म्हणून सगळं एक पायरी कडक वाचलं जातं. महाप्याच्या एका कंपनीतला माझा विद्यार्थी. त्याच्या अमेरिकेतल्या मॅनेजरने लिहिलं, काम अजून अडलेलंच आहे. याने उत्तर दिलं, 'चिल, वुई आर ऑन इट.' त्याला म्हणायचं होतं, 'सर, काळजी करू नका, आम्ही लागलोय.' पुढच्या बैठकीत मॅनेजर त्याच्याशी कामापुरतंच बोलले. आम्ही वर्गात ते वाक्य दुरुस्त केलं. 'चिल' खोडला आणि वेळ टाकली: 'वुई आर ऑन इट. विल अपडेट यू बाय सिक्स युअर टाइम.' काळजी करणाऱ्या वरिष्ठाला वेळ सांगितली की तो निश्चिंत होतो. हे मराठीतही खरं आहे. 'होईल हो' म्हणण्यापेक्षा 'संध्याकाळी सहाला फोन करतो' म्हटलेलं माणसाला पुरतं.

चॅटवर 'काम डाउन' तर अजिबात नको, गमतीतही नको. हसरा चेहरा जोडलात तर ते आणखी चिडवल्यासारखं दिसतं.

आणि आपल्यालाच कुणी म्हटलं तर?

हा प्रश्न मला नेहमी शेवटी विचारला जातो, आणि बहुतेक वेळा मुलीच विचारतात. समोरचा 'काम डाउन' म्हणाला की तोंडातून पटकन 'आय अ‍ॅम काम!' निघतं, आणि ते जितक्या जोरात निघतं तितकं खोटं वाटतं. त्याऐवजी मी दोन वाक्यं पाठ करायला देते. एक, 'आय अ‍ॅम अपसेट, अँड आय स्टिल नीड अ‍ॅन आन्सर.' मी नाराज आहे, आणि मला उत्तर हवंच आहे. दुसरं, जेव्हा खरोखरच आवाज चढलेला असतो तेव्हासाठी: 'गिव्ह मी अ मिनिट.' एक मिनिट द्या. त्या इंग्लंडच्या बाईंनी वरिष्ठांकडे कॉल गेल्यावर हेच म्हटलं होतं. रेकॉर्डिंगमध्ये तेवढा वेळ फक्त त्यांचा श्वास ऐकू येतो, मग त्यांनी पत्ता सांगायला सुरुवात केली.